कोरडे जळण

खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबीजवळ मलप्रभा उगम पावते त्या पट्ट्यात, मिरगानंतर शेजाऱ्याकडे मीठ मागता येते, वाटीभर तांदूळही मागता येतात. कोरडे जळण मागायला मात्र जीभ रेटत नाही. कारण त्या दिवसांत ते ज्याच्याकडे असते त्याने ते जानेवारीपासून जपलेले असते, आणि ज्याच्याकडे नसते त्याला ते बाजारातही मिळत नाही. पैसे असले तरी मिळत नाही. जूनमध्ये विकत मिळते ते लाकूड असते, जळण नव्हे.

आमच्या धर्मग्रामातल्या बऱ्याच घरांची मुळे घाटाखाली, गोव्यात. तिकडे पावसाळ्याच्या बेगमीला पुरुमेत म्हणतात. मडगावला मे महिन्यात पवित्र आत्म्याच्या सणाच्या सुमारास पुरुमेताचे फेस्त भरते. सुकी मासळी, मिरच्या, कांद्याच्या माळा, सोले, गूळ असे सगळे तिथे मिळते. आमच्या आज्या घाट चढून इकडे आल्या तेव्हा हा शब्द बरोबर घेऊन आल्या. पण त्यांच्या पुरुमेतात पहिला मान सोल्यांना नव्हता, जळणाला होता. बाकी सगळे शिजवायचे ते त्याच्यावरच.

चर्चच्या मागे, स्वयंपाकघर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये आता जळणाची खोप उभी आहे. ती का बांधली आणि तिच्यामुळे काय घडले, ते आज लिहायचे आहे.

आमच्या वाड्यात एकेकटी राहणारी पाच म्हातारी माणसे आहेत. मुले पुण्याला, गोव्याला, आखातात. त्यांतल्या सर्वांत थोरल्या मावशींना गेल्या पावसाळ्याच्या आधीच्या पावसाळ्यात दम लागू लागला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि पहिला प्रश्न विचारला तो चुलीचा. मावशींच्या घरी गॅस आहे. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, त्यानंतर आमच्याकडे बहुतेक घरांत सिलिंडर आला. पण मावशींचा सिलिंडर कोपऱ्यात, वर भरतकामाचे कापड घालून, पाहुण्यांसाठी ठेवलेला. रोजची पेज आणि अंघोळीचे पाणी चुलीवर. चुलीत काय? परड्यात भिजलेल्या फांद्या, नारळाच्या ओल्या झावळ्या, मिळेल ते. खाली वाकून फुकणी फुंकायची, धूर डोळ्यांत आणि छातीत घ्यायचा, आणि अर्ध्या तासाने पेज.

युवा गटाचे म्हणणे सरळ होते. जळण कसले गोळा करता, पाच घरांना वर्षाचे सिलिंडर भरून द्या. म्हणणे खोटे नव्हते, आणि त्यासाठी वर्गणीही काढली गेली. पण आमच्याकडे पावसाळ्यात चूल फक्त शिजवण्यासाठी नसते. अंघोळीचे पाणी तिच्यावर तापते, ओले कपडे तिच्याभोवती वाळतात, गाईचे आंबोण शिजते, म्हाताऱ्या हाडांना ऊब तिचीच. १४.२ किलोच्या सिलिंडरवर हे सगळे कुणी करत नाही आणि करणारही नाही. म्हणून चूल पेटणारच असेल तर ती निदान कोरड्या लाकडावर पेटावी, एवढाच आमचा हिशेब होता. कोरड्या लाकडाचाही धूर चांगला नसतोच. त्यामुळे मावशींच्या चुलीवरची चार कौले काढून तिथे धुराडेही बसवले.

ओल्या लाकडाचे दुखणे काय असते ते आम्ही धर्मशिक्षणाच्या मुलांना शिकवता शिकवता स्वतः शिकलो. नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या वजनात जवळजवळ अर्धे पाणीच असते. असे लाकूड चुलीत घातले की आधी ते पाणी उकळते, मग त्याची वाफ होते. पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. म्हणजे विस्तव आपली सारी ताकद लाकडातले पाणी घालवण्यात खर्च करतो. त्यामुळे तो गार राहतो, आणि लाकडातून निघणारे वायू जळण्याऐवजी तसेच धुरातून वर जातात. मावशींच्या भिंतींवर जे काळे चिकट लिंपण झाले होते, ते हे. पाण्याचा अंश वीस टक्क्यांच्या खाली आला की लाकूड नीट जळते.

लाकूड आणायचे कुठून हा प्रश्न देवानेच सोडवला म्हणावे लागेल. चर्चच्या जागेच्या कडेला लावलेल्या आकेशियाची दोन झाडे वाळवीने पोखरून विजेच्या तारांकडे कलली होती. वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन ती उतरवली. एका कुटुंबाने काजूच्या म्हाताऱ्या झाडांच्या फांद्या दिल्या. एकांनी फणसाचा ओंडका देऊ केला होता, तो आम्ही परत पाठवला. फणस जाळणे म्हणजे पाप नसले तरी उधळपट्टी नक्कीच. तीन राजांचा सण झाला आणि दुसऱ्याच आठवड्यात कुऱ्हाडी चालू झाल्या. पाऊस संपून तीन महिने झालेले असतात, पुढे कडक ऊन यायचे असते, म्हणून आमच्याकडे जळण तोडायचा महिना हाच.

खोपीच्या बांधणीत आम्हाला एका शेतकरी काकांनी शिकवले. त्यांना लहानपणी पोलिओ झाला होता, एका पायाने ते अधू आहेत. चिऱ्यावर बसून त्यांनी सगळे काम करून घेतले. खाली जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या दोन ओळी आणि त्यांवर आडवे वासे. जमीन आणि लाकूड यांमध्ये वीतभर मोकळी हवा राहिली पाहिजे, नाहीतर वाळवी खालून चढते आणि वर कळतही नाही. खांब जमिनीत पुरलेले नाहीत, तेही चिऱ्यांवर उभे. लांबी बारा फूट, खोली चार फूट. आमच्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून येते म्हणून ती बाजू पत्र्याने बंद केली. पण पत्रा वर आणि खाली हातभर सोडून. बाकी तीन बाजूंना नुसत्या बांबूच्या कामट्या. छपराला चर्चची जुनी मंगळुरी कौले, आणि छप्पर पुढे दोन फूट बाहेर काढलेले.

युवा गटातल्या एकाने नवीकोरी निळी ताडपत्री आणली होती. चारी बाजूंनी गुंडाळून टाकू, एक थेंब आत जाणार नाही, असे त्याचे म्हणणे. काका हसले. म्हणाले, "थेंब आत जायचा न्हाई खरं, पण बाहेर बी यायचा न्हाई. झाकलं की लाकडाला घाम फुटतोय. डोक्यावर छत्री धरा आणि अंगाला वारं लागू द्या, बास."

डोक्यावर छत्री आणि अंगाला वारा. जळण वाळवण्याची सगळी विद्या एवढीच आहे. ओंडके दीड फुटाचे करायचे, कारण लाकडातले पाणी सालीतून फार थोडे आणि कापलेल्या टोकांतून जास्त बाहेर पडते. जाड असेल ते पाचर मारून फोडायचे. फोडले की आतले अंग वाऱ्याला मिळते. रचताना दोन्ही टोकांना एक थर उभा, एक थर आडवा असा खांब उभारायचा, म्हणजे मधली रास ढासळत नाही. आणि दाबून बसवायचे नाही. नीटनेटकेपणाची हौस असणाऱ्यांना हे फार जड जाते. आमच्यातल्या दोघी धर्मभगिनी फटी बुजवत होत्या आणि काका मागून पुन्हा लाकडे मोकळी करत होते.

हे काम उपवासकाळात, शनिवारी-शनिवारी झाले. शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाची वाट, शनिवारी सकाळी लाकडे. आठव्या स्थानापाशी प्रभू येशू रडणाऱ्या यरुशलेमच्या स्त्रियांशी बोलतो. लूकच्या शुभवर्तमानात तिथेच ओल्या झाडाची आणि वाळलेल्याची गोष्ट येते. ओल्याचे जर असे करतात तर वाळलेल्याचे काय होईल, असे काहीसे तो विचारतो. क्रूस खांद्यावर असलेला हा माणूस सुताराच्या घरात वाढला होता. ओले लाकूड पेटवायला लोक किती खटपट करतात हे त्याला ठाऊक होते, आणि निरपराध माणसाला मारायला किती खटपट चालली आहे हे तो पाहत होता. हाताला पाचरीचे घट्टे पडलेले असताना ते स्थान ऐकणे वेगळे असते.

कर्मेल डोंगरावरचा एलियाही त्या दिवसांत बोलण्यात वारंवार यायचा. त्याने वेदीवरच्या लाकडांवर चार घागरी पाणी ओतायला लावले, तेही तीनदा. बारा घागरी. पुस्तकात वाचताना ही नाटकाची शोभा वाटते. मावशींना मात्र ती गोष्ट सांगायची गरज पडली नाही. "बारा घागरी?" त्या म्हणाल्या. "एका घागरीत माझी चूल दोन दिवस मरते."

जुन्या करारात जळणाची व्यवस्था देवालयाच्या व्यवस्थेतच येते हे आमच्यापैकी अनेकांना नवीन होते. नहेम्याच्या पुस्तकात, दहाव्या अध्यायात, बंदिवासातून परतलेले लोक करार करतात. त्यात वेदीसाठी लाकूड कोणत्या घराण्याने वर्षाच्या कोणत्या वेळी आणायचे यासाठी चिठ्ठ्या टाकल्याचे लिहिले आहे. याजक, लेवी आणि सामान्य लोक, तिघांच्याही चिठ्ठ्या. वेदीवरचा विस्तव विझू द्यायचा नाही ही आज्ञा आपण ऐकलेली असते. त्या विस्तवामागे कुणीतरी लाकडाचा भारा उचलून यरुशलेमचा चढ चढत होते हे ऐकलेले नसते.

इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी ग्रंथात देवालयाचे आणखी बारकावे आहेत. स्त्रियांच्या अंगणाच्या चार कोपऱ्यांत चार दालने होती. ईशान्येचे दालन लाकडांचे. ज्या याजकांच्या शरीरात काही व्यंग असे त्यांना नियमशास्त्रानुसार वेदीवर सेवा करता येत नसे. ते या दालनात बसून लाकडे निवडत. किडीने पोखरलेले लाकूड वेदीसाठी बाद. पुढच्या यहुदी परंपरेत असेही नोंदले आहे की आव महिन्याच्या पंधराव्या दिवसानंतर, म्हणजे आपल्या जुलै-ऑगस्टच्या सुमारास, वेदीसाठी लाकूड तोडणे थांबवत. त्यानंतर उन्हाची धग कमी होते, तोडलेले लाकूड पुरते वाळत नाही, आणि ओल्या लाकडाला कीड लागते. तिकडे पाऊस हिवाळ्यात, आपल्याकडे जूनमध्ये. हिशेब तोच.

फादरांनी हे एका मिस्सानंतर सांगितले तेव्हा काका मागच्या बाकावर होते. ते काही बोलले नाहीत. पण पुढच्या शनिवारी खोपीत एक रिकामे खोके ठेवलेले दिसले आणि त्यावर खडूने लिहिले होते, "किडकं इथं". तेव्हापासून प्रत्येक लाकूड त्यांच्या हातातून जाते.

आमच्या चिठ्ठ्याही नहेम्यासारख्याच पडल्या. कुटुंबांची नावे डब्यात घालून मिस्सानंतर काढली. कुणी तोडायचे, कुणी फोडायचे, कुणी उन्हाळ्यात आठवड्याला एकदा राशीची वरची फळी खाली-वर करायची. एकच वाद झाला, तो वहीचा. युवा गट म्हणत होता की कुणी किती नेले याची नोंद हवी. महिला मंडळ अडून बसले. नाव लिहायला लागले की ज्याला गरज आहे तो येत नाही, ज्याला नाही तो येतो. शेवटी वही ठेवली नाही. खोपीला कुलूपही नाही. नियम एकच: काढायचे ते उजव्या टोकाकडून, नवे लावायचे ते डाव्या टोकाला, म्हणजे जुने आधी जळेल. जूनच्या शेवटी काही रात्री रास अंदाजापेक्षा जास्त उतरली. चौकशी केली नाही. रात्रीच्या पावसात चिखल तुडवत लाकडे न्यायला येतो त्याला जळणाची गरज असतेच.

मुलांना गुंतवण्यासाठी आम्ही एक गंमत केली होती. जानेवारीत आकेशियाच्या एका फोडलेल्या लाकडावर खडूने खूण केली आणि दुकानातल्या तराजूवर त्याचे वजन केले. २ किलो १०० ग्रॅम. मग दर रविवारी वर्ग सुटला की ते लाकूड तोलायचे आणि भिंतीवरच्या तक्त्यात लिहायचे. पहिल्या महिन्यात आकडा भराभर खाली आला. मार्चमध्ये संथ झाला. टोकांना बारीक तडे दिसू लागले, साल सुटू लागली. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी वजन १ किलो ३०० ग्रॅम. आठशे ग्रॅम पाणी गेले आणि कुणी एक थेंब पडताना पाहिला नाही. एका पोरीने विचारले, "मग गेलं कुठं?" दुसऱ्याने उत्तर दिले, "वाऱ्यानं प्यालं." एवढ्यावर तो वर्ग सुटला. दोन लाकडे एकमेकांवर आपटून ऐकायलाही मुले शिकली. ओले बद् वाजते, वाळलेले टण्ण.

आणि आपटण्याचे दुसरेही कारण होते. राशीत हात घालण्याआधी काठीने दोनदा ठोकायचे हा काकांचा नियम. विंचू, साप, काहीही आत असू शकते.

जुलैच्या चौथ्या आठवड्यात पावसाने चार दिवस उघडीप दिली नाही. रस्त्यावर झाड पडून वीज गेली होती. मंगळवारी संध्याकाळी, दिवेलागणीला, शेजारच्या गल्लीतला एक माणूस इरले पांघरून चर्चच्या फाटकाशी आला. हिंदू कुटुंब, रोजच्या ओळखीचे. वडील दुपारी वारले होते. स्मशानात शेड आहे, पण लाकडे भिजलेली. लाकडाच्या वखारीतलीही भिजलेली, आणि तालुक्याहून आणायचे तर रस्ता बंद. त्याने अंगणातूनच विचारले, "मास्तर, तुमच्यात कोरडं जळण हाय म्हणत्यात."

त्या वेळी खोपीत निम्म्याहून थोडी कमी रास उरली होती, अंदाजे सहा-सातशे किलो. एका चितेला तीन-साडेतीनशे किलो तरी लागतात. म्हणजे पाच म्हाताऱ्यांचा ऑगस्ट आणि सप्टेंबर यांतला निम्मा वाटा. आम्ही चौघे व्हरांड्यात उभे होतो. नाही म्हणावे असे कुणाच्याही मनात नव्हते, पण हो म्हणण्याचा अधिकार आपला आहे का, हे कळत नव्हते. लाकडे चर्चच्या जागेतली असली तरी ती पाच घरांच्या नावाने ठेवलेली. एक जण म्हणाला, निदान त्यांना विचारू.

मावशींचे घर सर्वांत जवळ. त्या जपमाळ घेऊन बसल्या होत्या. सगळे ऐकून त्यांनी जपमाळेचा मणी बोटात तसाच धरला आणि म्हणाल्या, "मेलेल्या माणसाला घरात ताटकळत ठेवून तुम्ही मला इचारायला आलासा? न्या की. उजवीकडचं घ्या, ते लई वाळलंय." आणि पुढचा मणी ओढला.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लाकडे भरली आणि त्या निळ्या ताडपत्रीने झाकली. ती शेवटी इथे कामाला आली. काका कंदिलाच्या उजेडात एकेक लाकूड आपटून देत होते. बद् वाजलेले एकही गेले नाही. ओल्या लाकडांवर रॉकेल ओतत, पुन्हा पुन्हा पेटवत बसायचे, आणि तरी पुरते जळेल की नाही याची धास्ती, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. घरच्यांना ते आयुष्यभर विसरता येत नाही. त्या रात्री चिता एका काडीने पेटली. आपल्यात दफन असते, चितेजवळ उभे राहण्याची आम्हाला सवय नाही. आम्ही शेडच्या कडेला छत्र्या धरून उभे राहिलो, आणि मनातल्या मनात मृतांसाठीची प्रार्थना म्हटली. एवढ्या पावसात विस्तवाचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

पुढच्या रविवारी वर्गात प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय घेतला. ठरवूनच घेतला. पौलाचे जहाज फुटते आणि सगळे पोहत, फळ्यांना धरून माल्टा बेटाला लागतात. जहाजावर २७६ माणसे होती हे त्याच्या आधीच्या अध्यायात आहे. बेटावरचे लोक ख्रिस्ती नव्हते, त्यांनी येशूचे नावही ऐकलेले नव्हते. पाऊस पडत होता आणि थंडी होती म्हणून त्यांनी विस्तव पेटवला आणि सगळ्यांना जवळ घेतले. आम्ही एवढे सांगून पुढे पौलाच्या हाताला डसलेल्या सापाकडे जाणार, तोच वजन तोलणारी ती पोरगी म्हणाली, "पाऊस पडत होता तर लाकडं पेटली कशी?"

इतकी वर्षे हा अध्याय शिकवला, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मोठ्यांनीही नाही. २७६ भिजलेल्या माणसांना ऊब द्यायची तर मूठभर काटक्यांचे काम नव्हे. त्या बेटावर कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी छपराखाली, कोरडे जळण होते. त्याने ते आपल्या हिवाळ्यासाठी ठेवले असणार. समुद्रातून अनोळखी माणसे बाहेर येताना पाहून त्याने ते बाहेर काढले. लूकने बेटाच्या मुख्याचे नाव लिहून ठेवले आहे, पब्लियस. त्या जळणवाल्याचे नाव नाही. पौलालाही ते ठाऊक नसावे. तो स्वतः उठून काटक्या गोळा करायला गेला एवढे मात्र आहे. रोमला निघालेला कैदी, प्रेषित, आणि आल्या आल्या काटक्यांचा भारा. त्याच भाऱ्यातून तो साप निघाला. मुलांचे मत एकमुखी होते की पौलाने आधी ठोकायला हवे होते.

आपण नेहमी ही गोष्ट पौलाच्या बाजूने वाचतो. सापाने काही केले नाही, आजारी बरे झाले, देवाचा महिमा. पण त्या अध्यायात देवाची पहिली दया पौलाच्या हातून येत नाही. ती येते ज्यांना देवाचे वचन अजून मिळालेले नाही त्यांच्या हातून, आणि ती येते सुक्या लाकडांच्या रूपाने. आमच्या गल्लीत त्या मंगळवारी माल्टाचे लोक कोण होते आणि भिजलेले कोण, हे आम्हाला अजून नीट सांगता येत नाही. कारण त्यानंतर जे झाले तेही सांगायला हवे.

ऑगस्टमध्ये खोप लवकर रिकामी होणार हे सगळ्यांना दिसत होते. रविवारी मिस्साला येताना काही घरची माणसे छत्रीखाली, काखेत, दोन-दोन लाकडे घेऊन येऊ लागली. आपल्या माळ्यावरची. येशूच्या पायाशी ठेवावीत तशी खोपीच्या डाव्या टोकाला ठेवून मग आत जायची. सगळीच घरे आणत होती असे नाही, आणि तशी अपेक्षाही नव्हती. काहींची स्वतःचीच पंचाईत होती. मावशींनी सिलिंडरवरचे भरतकामाचे कापड काढले. "पाहुणे आलेत असं समजायचं," म्हणाल्या. चहा आणि पेज गॅसवर, फक्त अंघोळीचे पाणी चुलीवर. वर्षानुवर्षे युवा गटाला जे जमले नव्हते ते असे झाले. दम पुरता गेलेला नाही, पण या हिवाळ्यात त्या पहाटेच्या मिस्साला चालत आल्या.

गेलेल्या माणसाच्या मुलाने तेराव्याला पैसे द्यायचा प्रयत्न केला होता, ते आम्ही घेतले नाहीत. त्याने आग्रह केला नाही, आणि पुढे त्याविषयी बोलणेही झाले नाही. दिवाळी गेली, नाताळ गेला. यंदा जानेवारीत तीन राजांच्या सणानंतरच्या शनिवारी आमच्या कुऱ्हाडी धार लावायला दिलेल्या होत्या, आणि फाटकातून ट्रॅक्टर आत आला. ट्रॉली लाकडांनी भरलेली, बांधावरच्या त्यांच्याच आकेशियाची. बरोबर त्यांच्या गल्लीतले पाच-सहा जण, कमरेला कुऱ्हाडी खोचलेल्या.

"ओलं हाय, मास्तर," तो म्हणाला. "आता जाळून उपयोग न्हाई. पण मिरगापतुर वाळंल."

दुपारपर्यंत दोन्हीकडच्या माणसांनी मिळून फोडून झाले. काका चिऱ्यावर बसून निवडत होते, किडके खोक्यात जात होते. खोप डाव्या टोकापासून मधल्या खांबापर्यंत भरली. मावशी आल्या, त्यांनी दोन तुकडे उचलून एकमेकांवर आपटले, कान देऊन ऐकले आणि मान हलवली. मुलांनी एक लाकूड बाजूला काढून दुकानातून तराजू आणला. त्या पोरीने लाकडाच्या टोकावर खडूने तारीख घातली आणि तारखेखाली लिहिले, २ किलो ४०० ग्रॅम.